बिनफटीचं कुंपण

पावसाने दडी मारली ती मारलीच. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलला नक्षत्रं कुणी मोजत नव्हतं, पण केरबा मनातल्या मनात मोजत होता. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुनर्वसूत नुसती वावटळ उठली आणि निघून गेली. घरोघरच्या हिरवळी आधी पिवळ्या पडल्या, मग जुन्या कडब्यासारख्या भुरक्या झाल्या. फवारे लावायला गावाने बंदी घातली. हाताने पाणी घालायची तेवढी मुभा होती.

केरबाला त्या बंदीचं काही वाटलं नाही. त्याचा जन्म खटाव तालुक्यात गेला होता. दोनदा वापरल्याशिवाय पाणी मातीत जाऊ द्यायचं नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गावाकडे त्याच्या न्हाणीचं पाणी अळवाला जायचं, अळवातून वाहिलं तर केळीला. इथे सुनेच्या न्हाणीघरातलं पाणी पांढऱ्या टबातून भोकात जायचं आणि पुढे कुठे जायचं ते दिसतही नव्हतं. बायको गेल्यावर मुलाने, गिरीशने, त्याला इकडे आणलं. तेव्हापासून ते वाया जाणारं पाणी केरबाला सोसत नव्हतं.

म्हणून त्याने मागच्या परसात, जाळीच्या कुंपणाच्या कडेने अळवाचा वाफा केला. वाफ्यात एक सपाट दगड टाकला. सकाळी त्या दगडावर उभं राहायचं, गुडघ्यापर्यंतची नाड्याची चड्डी घालून रबरी नळी डोक्यावर धरायची. साबण लावायचा नाही, अळू मरतं. डाळीचं पीठ अंगाला चोळायचं. पाणी अंगावरून ओघळून अळवाच्या मुळात जायचं. गेलेली बायको सोबत आल्यासारखं ते अळू तरारलं होतं. त्याच्या पलीकडे जाळीवर घोसाळ्याचा वेल चढला होता.

आणि जाळीच्या पलीकडे अर्ल होता.

अर्ल केरबापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेला, रंगाने केरबापेक्षा काळा, हाडाने मोठा. एकटाच राहायचा. आसपासची सगळी जमीन एके काळी तंबाखूची होती आणि अर्लच्या बापाने तिच्यात जन्म काढला होता, एवढं गिरीशने एकदा सांगितलं होतं. आता त्यातलं जुनं लाकडी घर आणि मागचा तुकडा उरला होता. त्या तुकड्यात अर्लने लावलं होतं काय? भेंडी आणि चवळी. पहिल्यांदा ती भेंडी बघितली तेव्हा केरबा जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला होता, जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तसा.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कधी गरजही पडली नाही. "मॉर्निंग, मिस्टर केरबा," म्हणून अर्ल हात वर करायचा. अंगावर पाणी घेता घेता केरबाही हात वर करायचा, "राम राम, अर्लबा." भेंडीच्या बदल्यात घोसाळी, चवळीच्या शेंगांच्या बदल्यात अळूवडी. अर्लने अळूवडी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिला होता.

केरबाच्या गावात एक रीत होती. दिवस उगवला की बाईमाणूस शेजारच्या घराकडे बघायचं. चुलीचा धूर निघाला म्हणजे घर जागं आहे. धूर दिसला नाही तर हातातलं काम टाकून त्या दारात जायचं, कडी वाजवायची. इथे धूर नव्हता. पण अर्लचा हात वर झाला की केरबाला धूर दिसल्यासारखं वाटायचं. आणि तो अर्ल एकटा, आपणही दिवसभर एकटेच. आपला हात त्याला दिसला की त्यालाही तसंच वाटत असेल, असं केरबाने धरून घेतलं होतं.

एका शनिवारी सुनेच्या, रुचाच्या, ऑफिसातली माणसं जेवायला यायची होती. रुचा पुण्याची, मोठ्या हुद्द्यावर. सकाळपासून घर पुसून, उशांच्या खोळी बदलून तिने जीव शिणवला होता. केरबाला घरात काही काम नव्हतं. तो परसात अळवाची खुरपणी करत बसला. ऊन चढलं, अंग घामाने चिकट झालं. पाहुणे एकला यायचे म्हणून तो बाराच्या सुमाराला दगडावर उभा राहिला. पाहुणे लवकर आले.

काचेचं मागचं दार सरकलं, तेव्हा केरबाच्या सगळ्या अंगाला डाळीचं पीठ लागलेलं होतं. ओली चड्डी मांड्यांना चिकटली होती. रुचा हातात सरबताचा ट्रे घेऊन पुढे, मागे एक गोरी बाई, तिचा नवरा आणि एक तेलुगू जोडपं.

मग गोरी बाई हसून म्हणाली, "ओह! हाय देअर!" केरबाने नळी हातात तशीच ठेवून नमस्कार केला. नळीचं पाणी उंच उडालं आणि त्याच्याच तोंडावर पडलं. तेलुगू माणसाने मान फिरवली. रुचा म्हणाली, "लेट्स सिट इनसाइड, इट्स सो हॉट." काचेचं दार सरकलं आणि त्यामागे पडदाही सरकला.

केरबाने पीठ धुतलं नाही. पाहुणे जाईपर्यंत तो अळवात बसून राहिला. पीठ वाळलं, कातडी ओढल्यासारखी झाली. पलीकडून अर्लने बघितलं होतं. त्याने मान फिरवली नाही. टोपी काढून कपाळ पुसलं, आकाशाकडे बोट केलं आणि तोंड वाकडं केलं. केरबाला हसू आलं.

त्या संध्याकाळी घरात कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. केरबा झोपल्यावर आतल्या खोलीत मात्र बोलणं चाललं.

"मी काही तुझ्या आबांना वाईट म्हणत नाहीये, गिरीश. पण यार, माझी मॅनेजर होती ती."

"सांगतो मी."

"काय सांगशील? मागच्या वेळी पण सांगणार होतास."

"आबांना असं तोंडावर सांगितलं तर ते जेवायचे बंद होतील. मी ओळखतो ना. मी करतो काहीतरी."

आठवडाभराने दारात लांबलचक खोकी येऊन पडली. आत प्लॅस्टिकच्या हिरव्या पट्ट्या होत्या, पुरुषभर उंचीच्या.

"जाळीत बसवायच्या, आबा," गिरीश म्हणाला. "प्रायव्हसी स्लॅट्स म्हणतात. आडोसा होतो."

"कशाला? वारं अडंल की. येलाला ऊनबी न्हाय लागायचं."

"इथं सगळेच लावतात."

"कोण लावतंय? कोपऱ्यावरच्यानं लावलंय का?"

"लावायच्यात, आबा," म्हणून गिरीश फोन घ्यायला आत गेला.

रविवारी तो हातमोजे घालून कामाला लागला. फोनवर व्हिडिओ लावून गवतात ठेवला होता. आधी जाळीच्या तळाशी एक आडवी खाचेची पट्टी सरकवायची. मग वरून प्रत्येक उभ्या घरात एकेक पट्टी खाली सोडायची. पट्टीचं टोक खाचेत बसलं की टक् असा आवाज येतो. एकदा बसली की वर निघत नाही. गिरीशच्या पट्ट्या निम्म्यावर अडायच्या, वाकायच्या. जाळी जुनी होती, शंकरपाळ्यांसारखी तिची घरं कुठे दबलेली, कुठे तार बाहेर आलेली. एका तारेने त्याचं मनगट ओरबाडलं. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला.

"प्रॉडक्शन डाउन आहे. आबा, मी आलोच," म्हणून गेला तो आलाच नाही.

अर्धवट काम केरबाला कधी बघवलं नाही. त्याने पट्टी उचलून हातात तोलली. हे काही नवीन नव्हतं. गावाकडे तुराट्यांचा कूड घालताना याहून वाकड्या काड्या त्याने सरळ रेषेत विणल्या होत्या. त्याच्या हातचा कूड म्हणजे शेणाने लिंपायच्या आधीच वारा अडायचा, असं लोक म्हणायचे. त्याने पट्टी आधी तिरकी सोडली, मग मधल्या घरात अंगठ्याने दाबली, मग सरळ केली. टक्. दुसरी. टक्.

वेल मात्र काढावा लागला. घोसाळ्याच्या ताण्यांनी जाळीला लहान पोरासारख्या मिठ्या घातल्या होत्या. केरबा एकेक ताणा सोडवत बसला, पण वेल एवढा गुंतला होता की अखेर विळ्याने बुडातून कापला. फुलं तशीच होती. संध्याकाळपर्यंत ती मिटली.

पलीकडे अर्ल भेंडी तोडायची पाटी उलटी घालून तिच्यावर बसून बघत होता. "व्हाय?" एवढंच त्याने विचारलं. हा शब्द केरबाला कळला. त्याने घराकडे मान झटकली आणि खांदे उडवले. पोराचं खूळ, दुसरं काय. अर्ल उठला, घरात गेला आणि एक जुनी पक्कड घेऊन आला. लाकडासारख्या गुळगुळीत झालेल्या मुठी. ती त्याने जाळीवरून हात उंच करून दिली. दबलेली घरं त्या पकडीने सरळ करून घे, अशी खूण केली.

पुढचे दिवस केरबाचे त्यातच गेले. उन्हाच्या आधी दोन तास, ऊन उतरल्यावर दोन तास. गुडघे मातीत, खांदे भरून आलेले, बोटांच्या चिमट्यात फोड. काम सुरू असताना अर्ल कधीमधी पलीकडून तार वाकवून धरायचा, केरबा अलीकडून पट्टी सोडायचा. दोघांच्या मधली जाळी अशी दोघांनी मिळून भरली. केरबाने एवढं मात्र केलं की भेंडीच्या समोर, हात आणि तोंड दिसेल एवढा भाग मोकळा सोडला. अर्लने त्या मोकळ्या जागेतून हात हलवून बघितला, हसला. दात थोडे होते, पण हसणं पूर्ण होतं.

"हे का सोडलंय?" गिरीशने संध्याकाळी बघितलं आणि विचारलं.

"आसू दे. तेवढी फट लागती."

"आबा, फट ठेवायची तर मग लावल्या कशाला? त्याच्यासाठीच तर..." गिरीश थांबला.

"त्याच्यासाठी म्हंजी?"

मागच्या पायरीवर रुचा भांडी पुसत उभी होती. गिरीशने तिच्याकडे बघितलं. मग जमिनीकडे बघून म्हणाला, "कंप्लेंट आली होती, आबा. तुमच्या अंघोळीची. शेजाऱ्यांची."

केरबाच्या हातातला रबरी हातोडा खाली गेला. "कुठल्या शेजाऱ्याची?"

"शेजाऱ्यांची म्हणजे... मागून दिसतं ना सगळं."

"मागं तर अर्लबाच हाय."

गिरीशने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रुचा हातातली कढई पुन्हा पुसू लागली. गिरीश म्हणाला, "त्यांच्या मनात काही नसेल, आबा. इथले लोक तोंडावर बोलत नाहीत, कळवतात. राग धरू नका. तुम्ही आतच करत जा अंघोळ."

केरबा हातपाय धुऊन आत गेला. जेवला. दोन भाकऱ्या खायचा, एकच खाल्ली. त्याला संताप येत नव्हता. त्याला लाज वाटत होती. इतके महिने तो हात वर करून राम राम घालत होता आणि पलीकडचा त्याला नागडा समजत होता. तोंडापुढे हसत होता. अळूवडी खाऊन डोळे मिटत होता. गावात भावकीने बांध कोरला तर माणूस कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. निदान कळतं तरी वैरी कोण ते. पक्कडसुद्धा यानेच दिली. स्वतःपुढचा आडोसा लवकर उभा राहावा म्हणूनच दिली असणार. आता सगळं जुळत होतं.

सकाळी उजाडताच तो परसात गेला. अर्ल भेंडी तोडत होता. त्याचा हात वर झाला. "मॉर्निंग, मिस्टर केरबा."

केरबाने पक्कड कुंपणाच्या वरच्या तारेला पलीकडच्या बाजूने अडकवली. मग पट्टी उचलली आणि मोकळ्या जागेच्या एका कडेला सोडली. टक्. दुसरी. टक्. अर्ल जवळ आला. काहीतरी बोलला, लांब बोलला. त्याचं तोंड एकेक पट्टीने अरुंद होत गेलं. शेवटी एक डोळा आणि गालाची कड उरली. केरबाने तिकडे बघितलं नाही. शेवटची पट्टी दबलेल्या घरात अडत होती. त्याने अंगठ्याने दाबून, तिरकी करून, हातोड्याचा एक ठोका देऊन ती बसवली.

मग तो टोकापासून टोकापर्यंत चालत गेला. जिथे म्हणून उजेडाची रेघ दिसली तिथे त्याने पट्ट्या सरकवून घट्ट केल्या. जन्मात घातलेल्या सगळ्या कुडांपेक्षा हा कूड पक्का झाला.

त्यानंतर तो टबात अंघोळ करू लागला. पाय घसरायचे म्हणून बसून करायचा. पाणी भोकात जायचं. अळवाला त्याने वेगळं पाणी घातलं नाही. पानं आधी कडेने करपली, मग देठांतून मोडून पडली.

अर्ल पहिले काही दिवस कुंपणाशी यायचा. पावलं ऐकू यायची, पाचोळा चुरडल्यासारखी. "मिस्टर केरबा?" म्हणायचा. केरबा हातातलं खुरपं थांबवून गप्प बसायचा. एकदा वरच्या तारेला भेंडीची पिशवी अडकवलेली दिसली. प्लॅस्टिकची पातळ पिशवी. केरबाने तिला हात लावला नाही. उन्हाने भेंडी आत घामेजली, काळी पडली, मग तिचं पाणी होऊन पिशवीच्या कोपऱ्यात साचलं. रुचाने नाकाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून ती कचऱ्यात टाकली.

केरबाचं म्हणणं एवढंच होतं. चूक ज्याची, त्याने दारात यावं. गावात भांडण मिटायचं ते असंच. कुंपणावरून हाका मारून नाही. चूक करणारा माणूस रस्त्याने फिरून, चार लोकांच्या डोळ्यांदेखत, समोरच्या दारात यायचा, पायरीवर बसायचा. मग घरातल्याने पाण्याचा तांब्या बाहेर ठेवायचा. पाणी प्यालं की संपलं. अर्ल आला असता तर केरबाने पाणीच काय, चहा ठेवला असता. त्याने साखरेचा डबा कुठे असतो तेही बघून ठेवलं होतं. दिवसभर घरात एकटा असला की तो समोरच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचा. रस्त्याने कुत्री घेऊन बाया जायच्या, पोस्टाची गाडी जायची. अर्ल येत नव्हता.

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन भाजून काढत होतं. गिरीश आणि रुचा ऑफिसला गेले होते. केरबा परसात मेलेल्या अळवाचे कंद उकरून काढत होता. बियाण्याला ठेवू म्हणून. पलीकडे काहीतरी धप्प झालं. पाटी पडली असेल. मग थोड्या वेळाने हाक आली.

"मिस्टर केरबा."

आवाज नेहमीचा नव्हता. नेहमी डोक्याच्या उंचीवरून यायचा, आज खालून, जमिनीलगत आला. बसून भेंडी तोडत असेल, केरबाच्या मनात आलं. त्याने कंदाची माती झटकली.

"मिस्टर केरबा. प्लीज."

प्लीज कळत होतं त्याला. केरबा कुंपणाशी गेला. पट्टीला कान नाही लावला, पण जवळ उभा राहिला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, भाता ओढल्यासारखा. केरबाच्या जिभेवर राम राम आला होता. पण त्याला पिठाने माखलेलं आपलं अंग आठवलं, ओली चड्डी आठवली. आता सुचली का माफी, तो मनात म्हणाला. ये की मग. रस्ता काय मी अडवलाय? फिरून ये, दारात ये.

तो घरात आला. समोरच्या दाराची कडी त्याने काढून ठेवली. पाण्याचा पेला भरून दाराजवळच्या टेबलावर ठेवला आणि खिडकीशी खुर्चीवर बसला.

मागच्या परसातून आणखी एक हाक आली, की आल्यासारखं वाटलं. खिडक्या बंद होत्या, एसी चालू होता.

ऊन कलल्यावर पोस्टाची गाडी मागच्या गल्लीत गेली आणि तिथेच थांबून राहिली. मग सायरन आला. केरबा परसात धावला. कुंपणापलीकडे माणसं बोलत होती, काहीतरी ओढत होती, वायरलेस खरखरत होता. तो कुंपणाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. बोटांनी पट्ट्या फाकवायला बघितलं. टाचा उंचावल्या, उड्या मारल्या. पुरुषभर उंच हिरवं, त्यावर नुसतं आकाश. कुठेही काही दिसलं नाही.

संध्याकाळी रुचा फोनवर वाचत म्हणाली, "अरे बापरे. मागचे आजोबा पडले म्हणे बागेत. मेलमनला सापडले."

"कवा पडलं?" केरबाने विचारलं.

"सकाळीच, म्हणतायत. हिप फ्रॅक्चर झालंय. दिवसभर उन्हात पडून होते. हॉस्पिटलमध्ये क्रिटिकल आहेत." मग तिने वर बघितलं. "आबा, तुम्ही होतात ना घरी? काही ऐकू नाही आलं?"

केरबा उठून आपल्या खोलीत गेला. समोरच्या दाराजवळच्या टेबलावरचा पाण्याचा पेला तसाच भरलेला होता.

अर्ल परत आला नाही. हॉस्पिटलातच गेला.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी समोरची घंटा वाजली. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. हाडाने मोठी, काळे कपडे. हातात कागदी पिशवी. केरबाने तिला बघितलं आणि ओळखलं. कपाळ तेच होतं. ती रस्त्याने फिरून, समोरच्या दारात आली होती.

गिरीशने तिला आत बोलावलं, पण ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. अर्लची मुलगी. शार्लटला राहायची. ती केरबाकडे बघत सावकाश बोलली, आणि बोलून झाल्यावर तिने गिरीशकडे बघितलं.

"काय म्हनती?" केरबाने विचारलं.

"भेंडीचं बी आणलंय तिने. वडिलांनी तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं." गिरीशने पिशवी घेतली.

बाई पुन्हा बोलली. या वेळी जास्त वेळ बोलली. गिरीश ऐकता ऐकता मान खाली घालू लागला. रुचा स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथेच थांबली. तिचा हात गळ्यातल्या साखळीवर गेला.

"सांग की."

"काही नाही, आबा. असंच."

"गिऱ्या. बाई दारात आलीया. ती काय म्हनती ते सांग मला."

गिरीशने घसा खाकरला. "ती म्हणते, वडिलांनी तिला फोन करून विचारलं होतं. माझं काही चुकलं का म्हणून. ते कुंपण झाकलं, मग तुम्ही बोलायचं बंद केलं. त्यांना वाटलं..." तो थांबला. "त्यांना वाटलं, तुम्हाला काळा माणूस शेजारी नको म्हणून लावलं. आयुष्यात लोकांनी त्यांच्यापुढे अशी कुंपणं पुष्कळदा घातली. पण तुम्ही घालाल असं वाटलं नव्हतं, म्हणाले."

"आन् कंप्लेंट?" केरबा म्हणाला. "त्यानंच तर केली हुती. इचार तिला."

गिरीश हातातल्या पिशवीच्या कडेची घडी घालू लागला.

"इचार."

"आबा." गिरीशचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला. "कंप्लेंट कुणी केली नव्हती."

भिंतीवरचं एसीचं यंत्र सुरू झालं. बाईला शब्द कळत नव्हते, पण ती तिघांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. रुचा म्हणाली, "आबा, आम्हाला वाटलं, तुम्हाला वाईट वाटू नये..."

बाई जाता जाता आणखी एक वाक्य बोलली. केरबाच्या खांद्यावर तिने हात ठेवला होता.

"हे बी सांग," केरबा म्हणाला. "आता ठिवू नगं काई."

"हॉस्पिटलात शुद्ध होती थोडा वेळ, तेव्हा म्हणाले म्हणे, मी मिस्टर केरबाला हाक मारली होती. पण ते घरी नसणार. असते तर आले असते." गिरीशने बापाकडे बघितलं. "आबा, तुम्ही त्या दिवशी कुठं बाहेर गेला होता?"

केरबा कुठे जाणार होता? त्याला ना गाडी येत होती, ना रस्ते. त्याने हात जोडले. बाईनेही जोडले. कुणी शिकवलं असेल तिला, बापाने असेल.

दुसऱ्या दिवशी केरबाने स्वतः भाकरी थापली. हाताला सवय नव्हती, कडा फाटल्या. पिठलं केलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्याने भाकरी न्यायची असते. फडक्यात बांधून तो समोरच्या दाराने निघाला. अर्लचं घर वीस हातांवर होतं, पण कुंपणाने रस्ता नव्हता. पूर्ण गल्ली उतरून, कोपऱ्याला वळसा घालून, मागच्या रस्त्याने चढून जावं लागलं. ऊन डोक्यावर होतं. गुडघे बोलत होते. एवढं फिरून यावं, असं तो त्या पडलेल्या माणसाला मनात म्हणाला होता.

घराला कुलूप होतं. मुलगी शार्लटला परत गेली असावी. केरबाने फडकं पायरीवर ठेवलं आणि बाजूने मागच्या तुकड्यात गेला.

भेंडी कुणी तोडली नव्हती. बोटभर होती ती वीतभर झाली होती, जून, लाकडासारखी. उलटी पाटी तिथेच होती. कुंपणालगतची चार झाडं मुळासकट आडवी झालेली होती, आणि मातीत बोटांनी ओरखडल्याच्या खुणा होत्या. त्या कुंपणाच्या दिशेने गेल्या होत्या. वरच्या तारेला पक्कड अजून लटकत होती, तिच्यावर गंज चढला होता.

केरबा खाली बसला, आडव्या झाडांच्या जागी. तिथून त्याने वर बघितलं. त्याच्या हातचं काम होतं. एक पट्टी वाकडी नव्हती. तो टोकापासून टोकापर्यंत गुडघ्यांवर सरकत गेला, एखादी तरी फट असेल म्हणून. डोळा लावून लावून कपाळाला प्लॅस्टिकचा चटका बसला. आपलं घर कुठे आहे तेही दिसेना.

पलीकडे काचेचं दार सरकलं.

"आबा?" गिरीश परसात आला होता. चपलांचा आवाज आला, वाळलेल्या अळवाचं पान चुरगळल्याचा आवाज आला. "आबा, कुठं आहात?"

अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू येत होतं. श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"आबा! ओ आबा!"

केरबाने तोंड उघडलं. मग तसंच मिटलं. गिरीशने आणखी एकदा हाक मारली, मग तो आत गेला आणि काचेचं दार सरकलं. केरबा ओरखडलेल्या मातीवर हात ठेवून बसून राहिला. आवाज सगळा येत होता. त्या पट्ट्यांनी काहीच अडत नव्हतं.